डबीला दिसू दे, ऐकू देणार नाही

ती डबी गाडीत बसवली तेव्हा मी तिच्या विरोधात नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

पांढुर्ण्याहून सौंसरच्या सूतगिरणीत कामगार नेणारी बस मी चालवतो. आमच्या सेठच्या अशा तीन बस गिरणीला लागलेल्या आहेत. एका सोमवारी नागपूरहून एक कारागीर आला आणि त्यानं समोरच्या काचेला, आरशाच्या शेजारी, साबणाच्या वडीएवढी काळी डबी चिकटवली. तिला दोन डोळे होते. एक रस्त्याकडे, एक माझ्याकडे.

"वेग किती, ब्रेक कुठं मारला, गाडी कुठं आहे, सगळं ह्याच्यात राहते," तो म्हणाला. "तुमच्याच भल्याची आहे, काका."

मी हाव म्हणून मान हलवली. तीस वर्षं स्टेअरिंग धरून बसलेल्या माणसाला वेगाचं काय लपवायचं?

थोडा त्रास झाला. दर मंगळवारी आणि शनिवारी माझ्या नावापुढं लाल खूण यायची, 'जोरात ब्रेक' म्हणून. सेठनं बोलावलं. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मला अहो-जाहो करतो.

"काहून भाऊ, इतके ब्रेक काहून मारून राहिले?"

"सेठ, शनिवारी जामसांवलीच्या फाट्यावर उभे राहून पाहा. मारुतीच्या दर्शनाले आलेली माणसं नारळ घेऊन सरळ गाडीपुढं येतात. ब्रेक नाही मारला तर डबी खूश होईल, पण माणूस जाईल ना."

तो हसला आणि ते तिथंच संपलं.

पुढं त्याच फाट्यावर एक मोटरसायकल उलट्या बाजूनं आली आणि माझ्या बंपरला घासून पडली. पोराचा पाय मोडला. पाच मिनिटांत माणसं जमली. मला कॉलर धरून खाली ओढलं. कोणी म्हणालं दारू प्यायलाय, कोणी म्हणालं मोबाईल पाहत होता. ठाण्यात साहेबांनी डबीतलं चित्र लावलं. रस्ता दिसला, उलटी येणारी गाडी दिसली, माझा वेग दिसला, आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवलेला मी दिसलो. जेवायच्या वेळेपर्यंत मी घरी होतो. त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, ही डबी देवमाणूस आहे. चार लोकांना तेच सांगत फिरलो.

आता खरी गोष्ट सांगतो.

माझ्या मागच्या पहिल्या सीटवर आमच्याच वस्तीतली एक बाई बसायची. विहाराच्या मागच्या गल्लीतली, लग्नाला तीन वर्षं झालेली, गिरणीत मशीनपुढं दिवसभर उभी राहणारी. एका सकाळी ती पुढं वाकून हळूच म्हणाली, "काका, ब्रेकरवर जरा सावकाश घ्याल का?"

"काहून, कंबर दुखून राहिली का?"

तिनं मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, "तिसरा महिना लागला. मागच्या वेळी पोट राहिलं नव्हतं, पडलं होतं. गिरणीत अजून सांगितलं नाही. थोडे दिवस गेले की दोघी-चौघींले सोबत घेऊन बसून करायचं काम मागीन. आधी कळलं तर मले काढूनच टाकतील."

"पोरी, आत्ताच कोणाले सांगू नको," मी म्हटलं. "ब्रेकर मी पाहतो."

त्या दिवसापासून मी सौंसरपर्यंत प्रत्येक ब्रेकर पहिल्या गिअरमध्ये घेतला. मागचे लोक ओरडायचे. मी गिअरबॉक्सला दोष द्यायचो.

आठ दिवसांनी तिला गिरणीच्या ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, तुझी तब्येत नाजूक आहे, घरी आराम कर, उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टँडवर आली. गाडीत चढली नाही. खिडकीपाशी उभी राहून मला म्हणाली, "काका, मी घरातल्यांशिवाय फक्त तुमाले सांगितलं होतं."

एवढंच म्हणून ती गेली. गाडीतल्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी गाडी चालू केली. त्या दिवशी काही लाल खूण लागली असेल तर मला माहीत नाही.

संध्याकाळी मी सरळ सेठच्या ऑफिसात गेलो. "गिरणीत कोणं सांगितलं?" त्याला त्यात लपवण्यासारखंही काही वाटलं नाही. "मीच सांगितलं. गिरणीवाल्यांनी म्हटलं होतं, लोक काय बोलतात ते कळवत जा." त्यानं मोबाईल काढला आणि मला ऐकवलं. इंजिनाची घरघर, हॉर्न, तिचा दबका आवाज. मग माझा आवाज, 'पोरी, आत्ताच कोणाले सांगू नको.'

 माझ्याच गाडीत बसून मी तिचा विश्वासघात केला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"डबीत आवाज येते हे तुमी मले सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं? त्याच डबीनं तुमाले ठाण्यातून सोडवलं भाऊ. विसरले का?"

"विसरलो नाही. रस्ता पाहू द्या तिले. मलेही पाहू द्या, डोळा लागला तर ओरडू द्या. पण त्या पोरीचं पोट ब्रेक आहे का वेग आहे? कोणाचा अपघात थांबला ते ऐकून?"

"गाडी माझी आहे," तो म्हणाला.

"गाडी तुमची. तोंड त्यांचं."

डबी फोडायची असती तर पान्याचा एक फटका पुरला असता. पण चोरून फोडणं मला नको होतं. घरी संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'या गाडीत बोललेलं सेठच्या मोबाईलवर ऐकू येते.' खाली तेच हिंदीत लिहिलं आणि सकाळी माझ्या सीटच्या मागं बांधून टाकलं. पाटी वाचून गाडी अशी चिडीचूप झाली की मला सौंसरपर्यंत नुसत्या टायरांचा आवाज आला.

संध्याकाळी सेठनं पाटी फाडली. दुसऱ्या सकाळी मी नवीन लावली. तिसऱ्या सकाळी तो स्वतःच स्टँडवर आला, सोबत दुसरा ड्रायव्हर घेऊन.

"उतरा भाऊ. चाबी द्या."

मी उतरलो. चाबी दिली.  या वयात दुसरी गाडी कोण देणार?

पण गाडीत कोणी चढेना. पुढं उभी असलेली एक म्हातारी कामगार बाई सेठला म्हणाली, "ह्या डबीचे कान काढा, मग बसतो." तिच्या मागं सगळे उभे राहिले, बायका आणि माणसंही. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. गिरणीतल्या पाळीची वेळ टळत आली, तसा सेठचा फोन वाजू लागला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलावा लागला. गिरणीतल्या साहेबाचं ओरडणं आम्हालाही ऐकू येत होतं.

शेवटी त्यानं नागपूरच्या कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, "आवाज बंद करायचा? मोबाईलमध्येच बटन आहे, दाबून टाका." एका बटनाचं काम होतं. सेठनं ते दाबलं. मी चाबी परत घेतली, डबीसमोर बसून मोठ्यानं म्हटलं, "आमचा सेठ लबाड आहे!" आणि त्यालाच ते चित्र लावायला लावलं. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. बायका मोकळ्या हसल्या. सेठ नाही हसला.

त्याच दिवशी त्या सगळ्या जणी मिळून गिरणीच्या ऑफिसात गेल्या. बारा दिवसांनी त्या पोरीला परत घेतलं, पॅकिंगच्या टेबलावर बसून करायच्या कामाला. आता ती तिसऱ्या सीटवर बसते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मी तिला पुढं बोलावलं नाही. ब्रेकर मात्र सावकाशच घेत राहिलो.

दिवाळीच्या आधी सेठनं तिन्ही ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावलं. समोर छापील कागद ठेवले. वेग, ठिकाण, चित्र आणि आवाज यांची नोंद घ्यायला माझी मंजुरी आहे, असा मजकूर होता. माझ्याआधी एकानं न वाचता सही केली. मी सावकाश वाचलं, 'आणि आवाज' या शब्दांवर दोन रेघा ओढल्या, त्या रेघांपाशी एक सही केली आणि खाली दुसरी.

"छापलेल्या कागदावर खोडता येत नाही," सेठ म्हणाला.

"आलं ना," मी म्हटलं.

सही करून बसलेल्यानं हात पुढं केला. "सेठ, माझा कागद जरा वापस द्या."