धामणगाव बढ्याच्या विहिरीत पोहायला शिकले

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. मैत्रीण सुमन म्हणाली, "सुट्टीत आमच्या गावाला चल. माझी कौसल्यामावशी पोहायला शिकवेल." घरून होकार मिळाला आणि आम्ही निघालो.

नागपूरहून रेल्वेने मलकापूर, मग एसटीने मोताळ्यावरून धामणगाव बढे. आजही हीच वाट धरा. मोताळ्याचा आठवडी बाजार गाठलात, तर गाडीत बसायला जागा मिळणार नाही. पण भरताची हिरवी वांगी अशी, की उभ्याने प्रवास केल्याचं सार्थक होईल.

मावशीचा भाजीचा मळा होता आणि मळ्यात पायऱ्यांची विहीर. पहिल्या दिवशी तिने पाण्यात उतरूच दिलं नाही. "आधी ठाव समजून घे," म्हणाली. "पाय टेकते तिथवर ठाव. त्याच्या पुढं पाण्याचं राज्य."

"आणि कुणी बुडत असेल तर?"

"बुडतं माणूस हाका नाई मारत वं. त्याले दमच कुठं राह्यते? गप झालेलं माणूस पाह्य."

मग कमरेला वाळका भोपळा बांधून मी हातपाय मारू लागले. नाकातोंडात पाणी, संध्याकाळी भाकर-ठेचा आणि गाढ झोप.

एका सकाळी शेजारची शांता घागर घेऊन आली. बोलता बोलता पायरीच्या शेवाळावरून घसरून पाण्यात गेली. मी वळले, तर तिचं तोंड आकाशाकडे, उघडं, आणि आवाज नाही.

"मावशी, शांता!" ओरडत मी उडी मारायला धावले. मावशीने माझी वेणीच धरली.

"उडी नोको! मिठी मारीन ते, दोघीबी जासान!"

पायरीवर वाळत घातलेलं लुगडं तिने फेकलं. "शांते, धर!" मी आणि सुमनने मावशीची कंबर आवळली. शांताचा हात चुकला. पुन्हा चुकला. मग लुगडं एकदम ताठ झालं.

वर आल्यावर शांता खोकत म्हणाली, "मायी घागर!"

"घागर गेली तं गेली," म्हणत मावशी मटकन खाली बसली. तेव्हा मला कळलं, तीही घाबरली होती. फक्त घाबरायचं तिने नंतरसाठी ठेवलं होतं. एवढं धीराचं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

नागपूरला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण तिने विचारलं,

"माझ्या वयाच्या बाईला शिकवतील का गं त्या?"

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मलकापूरची तीन तिकिटं काढली.