लाडीची चौथी सवारी

खुर्शीदाच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती घोडीला अर्थशास्त्र शिकवत होती. नाशिकरोडच्या टांगा स्टँडामागे त्यांचं घर आणि घराला टेकून पत्र्याचा तबेला. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात खरारा. पाठ घासता घासता ती मोठ्याने म्हणत होती, "पुरवठा घटला की किंमत वाढते. कळलं?" घोडीने शेपटी झटकली. मला हसू आवरेना, तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हसतेस काय? वर्गात तू तर शेपटीही हलवत नाहीस."

असल्या तोंडाळ मुलीशी माझं जमायचं काही कारण नव्हतं, कारण मी तिच्याहून तोंडाळ. पण एकाच वर्गात, एकाच रस्त्याने जायचं; जमलं. मी मालन. वडील कारकून, घर पलीकडच्या बुद्ध विहाराजवळच्या कॉलनीत. आमच्या कॉलनीत कॉलेजात जाणाऱ्या मुली मोजक्या होत्या, आणि खुर्शीदाच्या मोहल्ल्यात ती एकटीच.

घोडीचं नाव लाडी. नाव ठेवलं निजामचाचांनी, म्हणजे खुर्शीदाच्या अब्बांनी, आणि लाडावून ठेवली तीही त्यांनीच. चाचा तत्त्वाचे टांगेवाले. चाबूक गाडीला लावलेला असायचा तो नुसता शोभेला. चार सवाऱ्या भरल्याशिवाय गाडी स्टँडावरून काढायची नाही आणि एकदा घेतलेली सवारी वाटेत सोडायची नाही, हे त्यांचे दोन नेम. चाचांनी वर्षानुवर्षं पाळलेला पहिला नेम लाडीने असा काही अंगी बाणवून घेतला की बोलायची सोय नाही. पायदानावर पाय पडून गाडी कलली की ती कान मागे करायची. चौथी सवारी चढली की कुणी काही म्हणायच्या आत चालू लागायची. आणि तिघांवर, काही केल्या, स्टँडावरून हलायची नाही. इतर कुठूनही एकट्याला घेऊन जाईल, पण स्टँडावरून नाही. लोक गंमत बघायला यायचे.

अठ्ठ्याहत्तर साली आग्रा रोडवर एका ट्रकने टांग्याला घासलं. लाडीला ओरखडाही आला नाही, चाचांचा पाय मात्र मांडीत मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर टांग्यावर चढायचं नाव काढू नका. खुर्शीदा तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेली होती.

लगेच तिचा सलाउद्दीनमामू पुढे झाला. मामू म्हणजे स्टँडाचा कारभारीच. कुणाचा नंबर कितवा हे तोच ठरवायचा. त्याने मालेगावचं गिऱ्हाईकही शोधून आणलं. "निजामभाई, घोडी खाते रोज, कमावते कोण? मालेगाववाला चांगला आदमी आहे. आणि छोकरीला शिकू द्या आरामात."

चाचा खाटेवर पडून छताकडे बघत होते. खुर्शीदाची आई रोशनबी डोळ्याला पदर लावून उभी. मी तिथेच होते, म्हणून सांगते, खुर्शीदा रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, "अब्बा, गाडी मी चालवते. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक. मधे कॉलेज."

"टांगा आणि बी.ए.? दोन्ही?" मामू हसला. "दोन डगरींवर पाय ठेवून कोण पार झालंय, बेटा?"

चाचांनी छतावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "ठीक हाय. घोडी तुझी. पण परीक्षेत नापास झालीस, तर लाडी मालेगावला."

सौदा तिने केला आणि धडकी माझ्या छातीत भरली, कारण हुशार असली तरी खुर्शीदा पाठांतराला अगदीच दगड होती.

त्या वर्षी ती कशी जगली ते मी पाहिलंय. पहाटे उठून लाडीची चंदी, म्हणजे हरभरे, भिजवायची, तबेला झाडायचा, खरारा करायचा, मग ओढणी कमरेला खोचून लगाम हातात घ्यायचा. सकाळच्या खेपेच्या सवाऱ्या ठरलेल्या: मी, आमच्याच वर्गातल्या लता आणि रंगू, आणि चौथी विठाबाई. विठाबाई भाजीवाली. मेथीच्या जुड्यांची पाटी मांडीवर घेऊन पुढे खुर्शीदाशेजारी बसायची आणि रस्ताभर आम्हाला लग्नाचे सल्ले द्यायची. रस्त्यातली माणसं वळून वळून बघायची. मुलगी टांगा हाकते म्हटल्यावर कुणी शिट्टी मारली, तर विठाबाई पाटीतली सडकी भेंडी नेम धरून फेकायची. तिचा नेम वाईट होता, पण शिव्या अचूक बसायच्या.

कॉलेजात चिंचेखाली टांगा सोडायचा. शिपाई सहादूने पहिल्या दिवशी दंडुका आपटला. "हे कॉलेज हाय का पागा?" पंधरवड्यात तोच लाडीला पाण्याची बादली आणून द्यायला लागला, कारण लाडीच्या लिदीवर त्याच्या खोलीमागची वांगी अशी काही धरली की विचारू नका. तास चालू असताना खिडकीतून लाडीचं खिंकाळणं आलं की सरसुद्धा थांबायचे. "खुर्शीदा, तुमच्या मैत्रिणीला शंका आहे," असं एकदा म्हणालेही.

घटक चाचणीत ती दोन विषयांत नापास झाली. मामू घरी येऊन रोशनबीला म्हणाला, "मालेगाववाला अजून थांबलाय." त्या दिवसापासून खुर्शीदाने पद्धत बदलली. वही-पुस्तक बाजूला ठेवून ती मला धडा बोलून दाखवायला लावायची आणि मग तोच स्वतः लाडीला समजावून सांगायची. जे घोडीला सांगता येत नाही ते मला आलेलं नाही, असा तिचा हिशेब. मला तो वेडेपणा वाटायचा. पण सहामाहीत ती सगळ्यात सुटली आणि अर्थशास्त्रात माझ्याही पुढे गेली. मला थोडं झोंबलंच.

मग वार्षिक परीक्षा आली. पहिला पेपर अर्थशास्त्राचा. आम्ही सकाळी स्टँडावर जमलो. पेनं, शाईची बाटली, हॉलतिकिटं, सगळं दोनदोनदा तपासलेलं. लता चढली, रंगू चढली, मी चढले. खुर्शीदाने लगाम हलवला. लाडी ढिम्म.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. विठाबाई भाचीच्या लग्नाला पेठ गावी गेली होती. जाताना आम्हाला सांगून, आमच्या डोक्यावरून हात फिरवून, बोटं मोडून गेली होती. चार शहाण्या मुलींनी सगळं मोजलं, सवाऱ्या मोजायच्या राहिल्या.

खुर्शीदाने चुचकारलं, गूळ दाखवला, लगाम धरून पुढे ओढलं. लाडी दोन पावलं आली आणि परत मागे सरून आपल्या जागी उभी राहिली. चौथ्या सवारीच्या जागी चंदीचं पोतं ठेवून पाहिलं. तिने मान वळवून पोत्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. चाबकाकडे खुर्शीदाने पाहिलंसुद्धा नाही. शहरात जाणारी बस डोळ्यांदेखत निघून गेली होती आणि पुढची येईपर्यंत पेपर सुरू झाला असता.

स्टँडावर टांगेवाले रांगेत होते, पण सवारी एकही नव्हती. नागपूरकडची गाडी लेट झालेली, सगळे तिचीच वाट बघत बसलेले. पंचवटीला जाणारे यात्रेकरू त्या गाडीने येतात; सगळ्यात चांगली सवारी ती. आणि स्टँडाचा कायदा असा की आगगाडी यायच्या आत जो रांग सोडेल, मग आम्हा चौघींना घेऊन का होईना की दुसऱ्याच्या टांग्यात बसून, त्याचा नंबर जाईल, त्याने रांगेत शेवटी लागायचं. म्हणून कुणी उठेना. सगळ्यांच्या नजरा मामूकडे. मामूचा नंबर त्या दिवशी पहिला.

मामू विडी ओढत बसला होता. त्याने फक्त बसून राहायचं होतं. लाडी हलली नसती, पेपर बुडाला असता, मालेगाववाला वाट बघतच होता. खरं सांगते, मला त्या माणसाचा इतका राग आला की खाली उतरून त्याची विडी विझवावीशी वाटली.

तो उठून जवळ आला. खुर्शीदाला म्हणाला, "घोडी गाडीतून काढ. लहानपणापासून उघड्या पाठीवर बसतेस ना? एकटी जा. आत्ता निघालीस तर पोचशील."

खरंच होतं ते. ती पोचली असती. मी, लता, रंगू तिघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. रंगू तर रडायलाच लागली.

खुर्शीदा म्हणाली, "आणि ह्या तिघी?"

"ह्यांचं ह्या बघतील."

"नाय, मामू. घेतलेली सवारी मी सोडत नाय."

 मामूने विडी टाकली, चपलेने विझवली आणि रांगेतल्या आपल्या टांग्याकडे न बघता म्हणाला, "निजामची औलाद." पायदानावर त्याचा पाय पडला, गाडी पुढे कलली, लाडीचे कान मागे गेले. तो पुरता बसायच्या आतच लाडी निघाली.

आम्ही स्टँडाच्या फाटकाबाहेर पडतोय तेवढ्यात नागपूरकडच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. मामूने मान वळवली नाही. नुसतं म्हणाला, "लगाम सैल सोड. तिला पळू दे." लाडी त्या दिवशी पळाली तशी मी घोडी पळताना कधी पाहिली नाही. घंटा होत असताना आम्ही चिंचेखाली उतरलो. पेपर सुटल्यावर बघतो तर मामू चंदीचा तोबरा लाडीच्या तोंडाशी धरून उभा आणि सहादू त्याला वांगी दाखवत होता. परीक्षा संपेपर्यंत रोज सकाळी आमची चौथी सवारी मामूच होता. नंबर रोज गेला.

जूनमध्ये निकाल लागला. खुर्शीदा पहिल्या वर्गात पास. मोहल्ल्यात शिरणी वाटली, लाडीला गुळाची ढेप मिळाली. निजामचाचा काठी टेकत दारापर्यंत आले आणि मेहुण्याला म्हणाले, "मग मालेगाववाल्याला काय कळवायचं?"

"कळवलं मी," मामू म्हणाला. "म्हटलं, घोडी आता शिकलेली हाय. तुला झेपायची नाय."

पुढे खुर्शीदाने बी.एड. केलं, आणि त्या सगळ्या काळातही तबेला रिकामा झाला नाही. एक्क्याऐंशी साली तिला शाळेत नोकरी लागली. कुठे, तर मालेगावला. चाचा-चाची तिच्याबरोबर निघाले आणि लाडीही. सामान ट्रकने पुढे गेलं. टांगा रस्त्याने, मुक्काम करत न्यायचा ठरला. सोबतीला मामू.

निघायच्या सकाळी सगळा स्टँड जमला होता. मामूने रांग मोडून खुर्शीदाची गाडी सगळ्यांच्या पुढे लावली. आयुष्यात पहिल्यांदाच आणि शेवटचं. चाचा चढले, रोशनबी चढली, मामू चढला. खुर्शीदाने लगाम हलवला. लाडी ढिम्म.

सगळा स्टँड हसायला लागला. चाचा तर डोळे पुसत हसत होते. खुर्शीदाने वळून माझ्याकडे पाहिलं. "बघतेस काय, मालन? नाक्यापर्यंत चल."

मी पायदानावर पाय ठेवला आणि लाडी मालेगावला निघाली.