देव्हाऱ्यातलं वजन

माझ्याकडे कांस्याची शंभरावर जुनी वजनं आहेत. तराजूच्या पारड्यात टाकायची, मुठीत मावणारी, शेर-तोळ्याच्याही आधीची. बायका सेलमध्ये साड्या उपसतात तशी मी ठाण्याच्या बाजारात मोडीला आलेल्या भांड्यांचे ढीग उपसते. वजन ओळखायचं तर आधी घडण बघायची, मग वरच्या खुणा, आणि शेवटी तोलायचं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत मी लॅबला होते. तिथला काटा मिलिग्रॅमचीही चूक करत नसे.

मी पाहिलेलं सगळ्यांत चांगलं वजन मात्र आमच्याच घरात होतं, आणि त्याला हात लावायची मला बंदी होती. ते देव्हाऱ्यात होतं. सासूबाई त्याला कुळाची देवी म्हणत. लिंबाहून लहान, पैलू पाडलेला गोळा. वरच्या सपाट बाजूवर दोन वर्तुळं आणि त्यांत एकेक टिंब, ते देवीचे डोळे. सासऱ्यांच्या आजोबांना कल्याणला खाडीजवळ खणताना ती सापडली म्हणे.

लग्नानंतर पहिल्याच सणाला मी देव घासायला बसले, तर सासूबाईंनी माझ्यापुढचं ताम्हन ओढून घेतलं. "मूल झालं की मग हात लाव देवीला." मूल झालं नाही. बावीस वर्षं मी देवीकडे लांबूनच बघितलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या सांगायच्या, "आमच्या सूनबाई भंगार जमवतात. घरात दुसरा पसारा नाही ना." बायका वाटीतल्या तिळगुळाकडे बघायच्या. मी त्यांना हळदीकुंकू लावायचे आणि मनात सगळं साठवून ठेवायचे.

वर्तुळात टिंब, ही खूण पुढे मला वजनांच्या पुस्तकांत भेटली. अरब व्यापाऱ्यांच्या जुन्या वजनांवर ती असते, आणि कल्याण तर जुनं बंदर. माझी खात्री झाली. फक्त तोलायचं राहिलं होतं.

मग सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पूजा नाइलाजाने माझ्याकडे आली. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. दुसऱ्याच दिवशी देवीला मी डब्याच्या पिशवीतून लॅबला नेलं. काट्यावर साडेअठ्ठावन्न ग्रॅम भरली. दिरहम या जुन्या अरबी तोलात वीस दिरहम, त्यात पाऊण ग्रॅमची घट. ती घट कसली, तेही माझ्या लगेच ध्यानात आलं.

संध्याकाळी त्यांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून मी मोबाइलवर फोटो दाखवले. "आई, ही देवी नाही. मिरी-लवंग तोलायचं वजन आहे. हे डोळे नव्हेत, व्यापाऱ्याच्या खुणा आहेत. आणि तुम्ही पन्नास वर्षं चिंचेने घासलंत ना, त्यात हे पाऊण ग्रॅम झिजलं. तुमच्या पूजेने झालं ते एवढंच."

बोलताना मला बरं वाटत होतं. अगदी मनापासून बरं वाटत होतं. फोटो बघून त्या "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तीर्थ घेणं सोडलं. नवरा म्हणाला, "खरं असलं तरी सांगायलाच हवं होतं का?" बायकांसमोर त्याची आई माझ्याबद्दल खरं तेच बोलायची, तेव्हा त्याने तिला हे विचारलं नव्हतं.

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागे एक संग्राहक राहतो. अरबी वजनांच्या त्याच्या रांगेत वीस दिरहमाचीच जागा रिकामी होती. त्याच्याकडे एक आठकोनी वजन होतं, त्याच्यावर माझा कित्येक वर्षं डोळा होता. ऐन नवरात्रात, नाक्यावरच्या देवीच्या दर्शनाच्या गर्दीतून वाट काढत, घरची देवी पर्समध्ये घालून मी त्याच्याकडे गेले आणि अदलाबदल केली. देव्हाऱ्यात तिच्या जागी सुपारी ठेवली. सासूबाईंना पलंगावरून देव्हारा दिसत नव्हता.

त्या पुन्हा उठल्या नाहीत. मोतीबिंदूने नजरही गेली. मार्गशीर्षात एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, देवी दे जरा हातात."

"आई, ते वजन आहे."

"असू दे वजन. मला दे."

मी गॅलरीत जाऊन त्या संग्राहकाला फोन लावला. दोन दिवसांपुरती मागितली. तो म्हणाला, "मॅडम, अदलाबदल झाली की मागे फिरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? आणि ती आता काचेत बसवलीय." मी पुन्हा विनवलं. त्याने सॉरी म्हणून फोन ठेवला.

माझ्या कपाटात तसंच पैलूंचं, दोन वर्तुळांचं एक वजन होतं. गंजाने खाल्लेलं, पाच ग्रॅमने कमी. ते मी चिंचेने घासलं, धुतलं, पुसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. क्षणभर हात वर-खाली केला.

"ही हलकी आहे," त्या म्हणाल्या.

आमची देवी कुठे गेली, हे त्यांनी विचारलं नाही. मूठ उघडून हात माझ्यापुढे धरला, आणि मी ते उचलून घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.