गोष्टीतला मी आणि परंड्याहून आलेली जीप

गोष्टीत 'मी' लिहिलं आणि त्या 'मी'ला माझ्याच बायकोचं माहेर दिलं. चूक एवढीच.

खापर फोडायचंच तर स्लोव्हेनियावर फोडता येईल. कळंबच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. चर्चासत्रासाठी 'समकालीन स्लोव्हेनियन लघुकथेतील उत्तर-आधुनिक स्व' हा विषय मी आपणहून मागून घेतला, कारण त्यावर प्रश्न विचारणारा माणूस आपल्या जिल्ह्यात निघणार नाही याची खात्री होती. इंग्रजी अनुवादात सापडल्या तेवढ्या कथा वाचल्या आणि तिथंच बिघडलो. मला भेटलेला त्या कथांतला 'मी' काही भरवशाचा नव्हता. लेखकाचीच नोकरी, लेखकाचाच चष्मा घेऊन पहिल्या पानावर यायचा. मध्येच म्हणायचा, हे सगळं मी रचलंय. आणि शेवटी म्हणायचा, रचणाराही कुणी नव्हता. बायको, गाव, फ्लॅट सगळं जागच्या जागी, फक्त माणूस गायब. वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. कॉलेजातल्या मीटिंगांना मी वर्षानुवर्षं तेच करत आलोय.

एका दिवाळी अंकाला कथा दिली. तीत कळंबचा एक मास्तर, टक्कल पडत आलेला, बायको परंड्याची, एका सकाळी एसटीत बसून धाराशिवला जातो आणि भाड्याच्या खोलीत दुसऱ्या बाईबरोबर बिऱ्हाड थाटतो. शेवटच्या पानावर तो कबूल करतो की खोली नाही, बाई नाही, मीही नाही. स्लोव्हेनियात या जागी वाचक मान डोलावत असावा.

परंड्यात कुणीतरी पहिल्या पानाचा फोटो काढून सोयऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शेवटचं पान कुणी टाकलं नाही.

रविवारी सकाळी दारात जीप. सासरे, चुलतसासरे आणि मागच्या सीटवर दोन म्हातारे, ज्यांचा शब्द बैठकीत कुणी मोडत नाही. अशा बैठकीला आलेले पाहुणे निकाल लागेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. बायकोनं आणलेला चहा सतरंजीवर गार होत राहिला.

"खरं निघालं तर पोरगी आजच संगं नेनार," सासऱ्यांनी बसता बसताच सांगितलं. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला.

"जावईबापू, हे तुमीच लिव्हलंय ना?"

"मीच. पण त्यातला मी म्हणजे मी नव्हे, मामा."

"मास्तर कळंबचा?"

"हो."

"बायको परंड्याची?"

"हो, पण..."

"मग बाईच तेवढी खोटी कशी काय?"

मी समजावायला गेलो. म्हणालो, माणसाचा स्व एकसंध नसतो, एकाच माणसात अनेक मी नांदत असतात. चर्चासत्रात या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. इथं एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "मग आमी पोरगी दिली ती त्यातल्या कुनाला?"

घाईघाईनं अंक आणला, शेवटचं पान उघडून दिलं. चुलतसासऱ्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "असा माणूस कधी नव्हताच." मग अंक मिटून माझ्याकडं सरकवला. "सापडल्यावर समदे असंच म्हनतेत."

दुसरा म्हातारा, जो आतापर्यंत नुसताच खाकरत होता, म्हणाला, "पोरीला बोलवा. ती म्हनंल ते खरं."

ती बाहेर आली. हातात बॅग नाही, हे मी आधी पाहिलं. कथा मी तिला दाखवली नव्हती. पण ग्रुपवर तीही होतीच. माझ्याकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. वडिलांपुढचे गार कप उचलत म्हणाली, "चहा परत करून आणते अण्णा, घ्या सगळे. कुठं जातेत हे? घरातली गॅसची टाकी बदलायची तर शेजाऱ्याला हाका मारतेत. दुसरं बिऱ्हाड ह्यांना कोण मांडून देणार?"