अंगात साठलेलं लोह

पडदे शिवणाऱ्या ताईला सगळा बाजार ताईच म्हणायचा, तिच्याहून मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. पाळी थांबून काही वर्षं झाली आणि तिला विलक्षण थकवा यायला लागला. मशीनवर बसल्या बसल्या मान पडायची. उजव्या हाताची बोटं मुळाशी सुजायची, कात्री धरवायची नाही. "रक्त कमी असेल," असं शेजारचा औषधवाला म्हणाला, म्हणून तिने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. गुण येईना, तशी एकाच्या दोन केल्या. भाऊ एकदा चेष्टेने म्हणाला, "दुकानात बसून अशी कशी रापतेस गं?"

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं.

"गोळ्या आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगात लोह कमी नाही, भरमसाट आहे."

"म्हणजे मी आगीत तेलच ओतत होते की."

"तुमचं शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त ओढून घेतं, आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. पाळी होती तोवर थोडं थोडं जात होतं. आता यकृतात, सांध्यांत साठत चाललंय, कातडीतही; म्हणून ती रापल्यासारखी दिसते." त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. यकृतात गाठ नाही ना, ते बघायचं होतं.

ताईने कागद हातात घेतला. "लोहाने गाठ कशी होईल?"

"पेशीतल्या डीएनएवर मिथिल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक जागं ठेवायचं आणि कुठलं गप्प बसवायचं, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. लोह फार झालं की या खुणांची गडबड होते, असं अभ्यासात दिसलंय. पेशीची राखण करणारं जनुकच गप्प बसलं, तर रोगाला रान मोकळं."

"लोह उतरवलं की खुणा ताळ्यावर येतात?"

"काही येत असतील. सगळ्या येतात, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण लोह उतरवणं आपल्या हातात आहे." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला यकृताचा त्रास?"

"वडील त्यानेच गेले." ताईचा आवाज खाली गेला. "लोक म्हणायचे, लपून पीत असणार. कधी थेंब घेतला नाही त्यांनी."

"मग त्यांनाही हेच असू शकेल, हे वारशाने येतं. भाऊ असेल तर त्याला आणा. पुरुषांना हे लवकर गाठतं."

घरी जाताना ताईला स्वतःच्या यकृताची आठवणही झाली नाही. डोळ्यांपुढे भावाची मूठ होती. तो बस चालवायचा आणि हल्ली ती मूठ पुरती मिटत नव्हती.

"मला काय धाड भरलीय?" भाऊ फोनवर म्हणाला. मग त्याने फोन उचलणंच सोडलं. ताईच्या हातून पडद्याच्या शिवणी वाकड्या जायच्या. एके दिवशी दुकान बंद करून ती त्याच्याच बसमध्ये चढली आणि त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसली. शेवटचा थांबा आला तरी उठली नाही.

"ताई, उतर ना."

"तपासणीला येतोस का सांग."

बस परतीला निघाली. ताई जागची हलली नाही. मागच्या सीटवरच्या आजीबाई म्हणाल्या, "अरे, जा की बाबा. बहीण आहे, वैरीण नाही." भावाने आरशातून दोघींकडे पाहिलं. "येतो," तो पुटपुटला.

ताईच्या यकृतात गाठ नव्हती. भावाच्याही नव्हती, पण त्याचं यकृत कडक व्हायला लागलं होतं. दोघांनाही दर आठवड्याला पिशवीभर रक्त काढून घ्यायला सांगितलं. शरीर नवं रक्त करताना साठलेलं लोह वापरतं आणि साठा उतरतो.

आता आईला सांगणं भाग होतं. आई मटार सोलत होती. ताईने सगळं सांगितलं, वडिलांचंही. आई म्हणाली, "ते झोपले की मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. कधी आला नाही. तरी मला वाटायचं, काहीतरी चलाखी करत असतील."

ताईने आईच्या पुढ्यातल्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागली.

हळूहळू लोह उतरलं. थकवा गेला, ताई पुन्हा दिवसभर मशीनवर बसू लागली. बोटं मात्र दुखायची ती दुखतातच. भाऊही बस चालवतो, पण सोनोग्राफीची तारीख जवळ आली की त्याला घास गिळवत नाही, आणि ताई कापड मापायला घेते नि माप विसरते. लोहाचा आकडा कागदावर दिसतो, डीएनएवरच्या त्या खुणांचं काय झालं ते कुणाला दिसत नाही. आजवर एकदाही गाठ निघालेली नाही. तपासणीला आई बरोबर येते, आणि आतून नाव पुकारलं की दोघांच्याही आधी उठून उभी राहते.