फेट्याचा मान

तेव्हा मी जेमतेम अठ्ठावन्न वर्षांची पोर होते, अक्कल यायची होती. बाळापूरजवळच्या आमच्या शिवारात बोंडअळीवर काम करणारे मोठे शास्त्रज्ञ येणार होते, आणि त्यांना फेटा बांधायचा मान महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून माझा होता.

जीपमधून दोघं उतरली. एक गोरापान, उंच, इस्त्रीच्या शर्टातला. दुसरी आफ्रिकेतली काळीभोर बाई. ती उतरली ती थेट कपाशीत शिरली आणि नखानं बोंड फोडून आत पाहू लागली.

"तण निंदाले बाई लय दुरून आणली साहेबानं," मी शेजारणीला म्हटलं आणि गोऱ्याला फेटा बांधला.

"काकू, मी ड्रायव्हर आहो!" तो ओरडला.

मोठ्या माणसांत विनय असतोच, असं मी मंडळाला समजावलं.

शेवटी बाईनंच हिंदीत सांगितलं, की शास्त्रज्ञ ती आहे. तरी गावकरी प्रश्न विचारत ते ड्रायव्हरला. तो तिला विचारी, ती सांगे, तो तेच मोठ्यानं बोले, आणि मगच आमच्या माना हलत.

निघताना मी म्हटलं, "बाई, राग नोका मानू. आमी अडाणी."

नखातली माती काढत ती हसली. "ये भैया तो हर बार मुझसे पूछकर बोला. मेरी लॅब के साहब लोग मेरा काम अपने नाम से बोलते हैं, और मुड़कर देखते भी नहीं."

मला फार वाईट वाटलं. इतकं, की फोटोच्या वेळी मी तिला अगदी प्रेमानं म्हटलं, "बाई, जराशा बाजूले सरका, साहेब दिसून नाही राहिले."