भाऊजींच्या गाडीचा बेल्ट

बायकोलाही जे कधी बोललो नाही, ते तुम्हाला सांगतोय. कुठून सुरू करू? गाडीपासूनच करतो – गाड्यांबद्दल बोलणं मला सोपं जातं.

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे. अकोल्याच्या भाऊजींनी – माझ्या ताईच्या नवऱ्यानं – हौसेनं एक जुनी विलायती गाडी घेतली होती, सुपरचार्जरवाली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. इंजिनाच्याच बेल्टवर फिरतं. त्याची पुली लहान केली की ते जोरात फिरतं, गाडी जास्त पळते. भाऊजींना तेवढंच हवं होतं. असं काम मी आधी केलं नव्हतं. पण "जमत नाही" म्हणायचं – तेही ताईच्या नवऱ्याला?

लहान पुली बसवली, नवा बेल्ट चढवला. गाडी अशी गुरगुरली की शेजारचे दुकानदार बघायला आले. एक चक्कर मारून आणली, बॉनेट उघडलं – आणि बेल्टच्या कडेला काळा चुरा दिसला. रबराचा. पुली रेषेत बसली नव्हती. बेल्टची कड खात होती. सगळं पुन्हा खोलायला हवं होतं. पण ताई-भाऊजी गाडी न्यायला येऊन बसले होते, आणि भाऊजी ताईला माझंच कौतुक सांगत होते. मी काय केलं? फडक्यानं चुरा पुसला. बॉनेट लावलं. "बिनघोर न्या," म्हणालो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, ट्रक ओलांडून गाडी आत घेताना बेल्ट तुटला. पॉवर स्टेअरिंगही त्याच बेल्टवर चालायचं. ते एकाएकी जड झालं, गाडी बाभळीवर गेली. भाऊजींना खरचटलं. ताईचा गुडघा मात्र – तो पुन्हा नीट झालाच नाही.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. तुटलेला बेल्ट हातात घेतला, कड पाहिली, सगळं कळलं. तरी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांनी विचारलं, "काहून झालं रे असं?" तेव्हा मी म्हणालो, "भाऊजीनं लय दामटली असन गाडी." भाऊजी समोरच उभे होते. त्यांनीही ते खरं मानलं. गाडीतलं मला कळतं, म्हणजे तसंच झालं असणार – असंच त्यांना वाटलं असेल ना?

तेव्हापासून ताई त्यांना बोलते. चार पाहुण्यांसमोर बोलते. ते मान खाली घालून ऐकतात. गाडी चालवणं त्यांनी सोडलं. आता कुठंही एस.टी.नं जातात.

यंदा दिवाळीत ते दोघं आमच्याकडे आले होते. आम्ही ताईला जिना उतरवत होतो – एका बाजूनं ते, एका बाजूनं मी. खाली अंगणात तिला खुर्चीवर बसवलं, आणि भाऊजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "माह्या हौसेपायी तुही बहीण लंगडी झाली. पण तू कधी एका शब्दानं बोलला नाही मले. मोठं मन हाय तुहं."

त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं. हे तेव्हा तरी सांगता आलं असतं.

मी मान डोलावली, आणि ताईसाठी पाणी आणायला आत गेलो.